सही छाटून चित्र छापणाऱ्या मंत्रीमहोदयांस खुले पत्र

मा. मंत्रीमहोदय,
स.न.वि.वि.

आपल्या विभागाची नव्या वर्षाची दिनदर्शिका हाती आली. कागद गुळगुळीत, छपाई झकास, मुखपृष्ठावर आपला हसरा फोटो. आत बारा महिन्यांना बारा चित्रं आहेत आणि ती सगळी मनोरुग्णालयातल्या आमच्या चित्रवर्गातली आहेत. १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, आपण ज्या प्रदर्शनाची फीत कापलीत, तिथूनच ती उचलली. प्रत्येक मूळ चित्राच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात सही आहे. दिनदर्शिकेत एकही नाही. चौकटीत बसवताना खालची पट्टी छाटली आणि तिथे छापलं, ‘एका मनोरुग्णाची कलाकृती’. जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत तेच. बारा माणसांचा मिळून एकच मनोरुग्ण झाला.

त्या दिवशी माइकवर आपण तीन गोष्टी कबूल केल्या होत्या. पूर्णवेळ कलाशिक्षक, रंगसाहित्यासाठी वेगळी तरतूद आणि विकलेल्या चित्राचे पैसे ज्याच्या त्याच्या खात्यात. शिक्षकाचं पद ‘विचाराधीन’ आहे. तरतुदीचं काय झालं ते खाली सांगतो. पैशांबद्दल विचारलं तर उत्तर मिळालं की रुग्णाचं खातं नाही. मग खातं उघडून द्यायचं कोणी? आधार कार्डापासून गाडी अडलेली असते, हे आपल्या समाजसेवा अधीक्षकांना विचारा. तेही एकटेच असतात आणि सगळे वॉर्ड त्यांच्याच गळ्यात असतात.

आपण भाषणात चित्रकार व्हॅन गॉगचं नाव घेतलंत. बरं झालं. तो १८८९ च्या मे महिन्यात फ्रान्समधल्या सां-रेमीच्या मनोरुग्णालयात दाखल झाला आणि वर्षभर राहिला. त्या उन्हाळ्यात झटका आला तेव्हा त्याने रंग गिळले, म्हणून डॉक्टरांनी काही काळ त्याचे रंग बंद केले. झटका ओसरल्यावर तो पुन्हा कामाला लागला. म्हणजे त्याची चित्रं आजाराने काढली नाहीत, आजारातून मिळालेल्या मोकळ्या दिवसांत त्याने काढली. ‘वेडातूनच कला जन्मते’ हे आपलं टाळ्यांचं वाक्य म्हणूनच चुकीचं आहे. आणि तो ‘व्हिन्सेंट’ अशी सही करायचा. ती कोणी छाटत नाही. जपानी चित्रकार यायोई कुसामा १९७७ पासून टोकियोत स्वतःच्या मर्जीने मनोरुग्णालयात राहतात, तिथून स्टुडिओत जातात आणि जगभर स्वतःच्या नावाने प्रदर्शनं मांडतात. ब्राझीलमध्ये डॉ. नीसे दा सिल्वेरा यांनी विजेचे झटके द्यायला नकार दिला, १९४६ मध्ये रिओच्या रुग्णालयात चित्रशाळा काढली आणि १९५२ मध्ये त्या चित्रांचं संग्रहालय उभं केलं. तिथे चित्रकार नावाने ओळखले जातात.

आता कायदा. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७. अमलात आला २९ मे २०१८ रोजी. कलम २४ म्हणतं की उपचार घेणाऱ्या माणसाचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय प्रसारमाध्यमांना द्यायची नाही. आपल्या कार्यक्रमाचे फोटो त्याच संध्याकाळी सगळीकडे फिरले आणि त्यात आमचे चेहरे स्वच्छ दिसत होते. चेहरा दाखवायला संमती लागली नाही आणि नाव छापायच्या वेळी मात्र ‘गोपनीयता’ आठवली! कलम २० सांगतं की सक्तीने काम करून घ्यायचं नाही आणि केलेल्या कामाचा योग्य मोबदला द्यायचा. कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम ५७ सांगतं की हक्क विकले तरी आपलं नाव लावण्याचा आणि बदनामी होईल अशा मोडतोडीला हरकत घेण्याचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो.

संमती घेणं अवघड नाही. दाखल होतानाच्या कागदावरची सही इथे चालत नाही. प्रत्येक चित्रामागे वेगळा, एका पानाचा मराठी अर्ज हवा. त्यात पर्याय तीन असावेत : पूर्ण नाव, टोपणनाव, निनावी. चित्र कुठे वापरणार तेही लिहायचं, कारण भिंतीवर टांगायला ‘हो’ म्हणणारा दिनदर्शिकेला ‘नाही’ म्हणू शकतो. अर्ज माणूस बरा असताना भरून घ्यायचा, छपाईआधी पुन्हा विचारायचं आणि मधल्या काळात तो नाही म्हणाला तर चित्र काढून घ्यायचं. काहींना नाव नकोच असतं, कारण बहिणीचं लग्न ठरायचं असतं किंवा घरमालकाला कळलं तर खोली जाते. त्यांनी निनावी राहायचं ठरवलं तर तो त्यांचा निर्णय. आपण सगळ्यांना सरसकट निनावी केलंत.

साहित्याच्या निविदेकडे वळू. सर्वांत कमी दराची निविदा मंजूर झाली आणि आलं काय? शाळकरी मेणखडू, झेरॉक्सचा पातळ कागद आणि दोन नंबरचे बारीक ब्रश. वर छापील गणपती आणि फुलांच्या आकृत्या, रंग भरायला. चाळिशीच्या माणसाला!

साहेब, औषधं आपणच देता, तर ती हाताला काय करतात हेही माहीत असायला हवं. हॅलोपेरिडॉलने अंग आखडतं, हात थरथरतो. लिथियमनेही बारीक थरथर येते. त्या हातात दोन नंबरचा ब्रश ठरत नाही. दहा-बारा नंबरचा चपटा ब्रश हवा आणि त्याच्या दांड्याला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी तीन-चार वेढे घट्ट गुंडाळायची, म्हणजे मूठ जाड होते आणि घसरत नाही. आखडलेपणावर ट्रायहेक्सिफेनिडिल देतात, त्याने जवळचं अंधूक दिसतं. म्हणून कागद मोठा हवा, निदान ११ बाय १५ इंच. काहींना आतून अशी तगमग होते की बसवत नाही. त्यांना ‘एका जागी बस’ म्हणून ओरडू नये, कागद भिंतीवर चिकटवून उभ्याने काढू द्यावा. ओलांझापिन, क्लोझापिन घेणाऱ्यांना सकाळी गुंगी असते. मग वर्ग सकाळी नऊला का? तपासणी पथकाला सोयीचं म्हणून? दुपारी तीननंतर ठेवा, बघा किती जण जागे असतात.

कागद कार्ट्रिज म्हणजे चित्रकलेचा जाड कागद, दीडशे जीएसएमच्या (चौरस मीटरला दीडशे ग्रॅम) वरचा. झेरॉक्सच्या कागदाला पाणी लागलं की फुगतो, रंगाचा दुसरा हात दिला की फाटतो आणि माणूस म्हणतो, मला जमतच नाही. रंग बिनविषारी पोस्टर कलर, प्लास्टिकच्या बाटलीतले. काच नको, थिनर आणि टर्पेन्टाइन तर नकोच, ब्लेडवाली शार्पनरं वर्गाबाहेर ठेवायची. पाण्याला बुडाशी रुंद, जड स्टीलची वाटी, थरथरत्या हाताचा धक्का लागला तरी कलंडत नाही. एवढं सगळं माणशी महिन्याला तीन-चारशे रुपयांत बसतं. मांडव, सोफे आणि पुष्पगुच्छ धरून उद्घाटनाचा खर्च किती झाला ते आपणच सांगा, आमचा अंदाज आहे की वर्गाची दोन वर्षं त्यात निघाली असती.

आणि हो, एप्रिलमध्ये मोकळ्या मैदानात ‘लाइव्ह पेंटिंग’ ठेवण्याची कल्पना कोणाची? क्लोरप्रोमाझिन घेणाऱ्याची कातडी उन्हात भाजते. लिथियम घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातली औषधाची पातळी वाढते, उलट्या सुरू होतात, तोल जातो.

काळा रंग वापरला की फाइलवर ‘नैराश्य वाढले’ असा शेरा मारणंही थांबवा. त्या दिवशी डब्यात काळाच उरला असेल. लालवरून हिंसा आणि घराला दार नाही म्हणून एकलकोंडेपणा, ही ज्योतिषगिरी आहे. काय काढलंय ते चित्रकाराला विचारावं. सांगायचं नसेल तर सोडून द्यावं. डोस तर त्यावरून मुळीच बदलू नये.

गंमत पुढे आहे. चित्र चांगलं आलं की अपंगत्व प्रमाणपत्राच्या वेळी तेच अंगावर येतं. ‘चित्रं काढता ना? मग काय झालंय तुम्हाला?’ अपंगत्वाची चाळीस टक्क्यांची रेघ ओलांडायला माणसाने केविलवाणं दिसायचं. नोकरी मागायला गेलं की त्याच प्रमाणपत्रामुळे दार बंद. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं नोकरीचं चार टक्के आरक्षण आमच्यापर्यंत किती पोहोचलं? आपल्याच विभागात मानसिक आजार उघड सांगून नोकरी करणारे किती? राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) दिसलं की आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळतच नाहीत. ते का येत नाहीत ठाऊक आहे? आपल्याच सभांमधून विरोधकाला ‘येरवड्याला पाठवा’, ‘ठाण्यात जागा बघा’ म्हटलं जातं आणि खाली हशा पिकतो. तामिळनाडूतल्या एर्वाडीत, मनोरुग्णांच्या आश्रयगृहात, ६ ऑगस्ट २००१ रोजी साखळ्यांनी बांधलेली २८ माणसं जळून मेली, तेव्हाही चार दिवस हळहळ झाली. साखळ्या लोखंडाच्याच असतात असं नाही. पक्ष कुठलाही येवो, टिंगल तीच आणि १० ऑक्टोबरची भाषणंही तीच.

तर मागण्या. उरलेल्या प्रतींचं वाटप थांबवा. ज्यांना नाव हवं त्यांच्या नावासह शुद्धिपत्र छापा आणि तेवढ्याच लोकांपर्यंत पोहोचवा. बाराही जणांना वापराचं मानधन द्या. व्यावसायिक चित्रकाराला जे दिलं असतं तेच, ‘प्रोत्साहनपर’ नको. कलाशिक्षकाच्या पदाच्या जाहिरातीची तारीख लेखी कळवा. चित्रवर्गाचे निर्णय घेणाऱ्या समितीत आमच्यातले निदान दोघे घ्या आणि त्यांना प्रवासखर्च द्या, चहावर भागवू नका.

चित्रवर्गातले आम्ही
(नावं हवी असतील तर भेटीची वेळ द्या, विचारून सांगतो.)

ता.क. : मूळ चित्रं परत पाठवताना गुंडाळी करून रबर लावू नका, पोस्टर कलर तडकतो. प्रत्येक दोन चित्रांमध्ये बटर पेपर घाला, दमट हवेत रंग एकमेकांना चिकटतात. वर-खाली जाड पुठ्ठा हवा. मागे काही लिहायचंच असेल तर पेन्सिलने लिहा, स्केचपेन पुढे उमटतो. आणि रुग्ण क्रमांक लिहू नका.