आधी हिशेब एक करा, मग भांडा : केंद्रीय पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय पर्यावरण, वन व हवामान बदल मंत्री,
नवी दिल्ली

मा. मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

हवामान परिषदांमध्ये श्रीमंत देशांनी विकसनशील देशांना द्यायच्या पैशावरून जुंपते, तेव्हा दोन्ही बाजू एकाच रकमेबद्दल बोलत नसतात, हे आपल्याला मी काय सांगणार! २०१५ मध्ये ओईसीडीने, म्हणजे मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेने, जाहीर केलं की हवामान बदलाशी लढण्यासाठी विकसनशील देशांकरता आदल्या वर्षी ६२ अब्ज डॉलर उभे राहिले. आपल्याच अर्थ मंत्रालयाने हिशेब तपासून सांगितलं, ठामपणे दाखवता येईल असा आकडा २.२ अब्ज. एवढी तफावत वाण्याच्या उधारीच्या वहीतही कोणी खपवून घेणार नाही. कर्ज पूर्ण रकमेने धरायचं का, खासगी पैसा मोजायचा का, कबूल केलेलं धरायचं की हातात पडलेलं, यावर एकमत नव्हतंच. तरी २०२४ मध्ये बाकूच्या हवामान परिषदेत २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचा ठराव हातोडा आपटून मंजूर झाला. आपल्या प्रतिनिधींचा आक्षेप नोंदला गेला तो त्यानंतर.

माझं मागणं एवढंच की, वाटाघाटीत संगणकाची मध्यस्थी भारताने स्वतः मागावी. निवाडा यंत्राने द्यावा असं मी म्हणत नाही. दोन्ही बाजूंची गृहीतकं उघडी ठेवणारं एक मॉडेल टेबलावर असावं, आणि कुणीही प्रस्ताव मांडला की त्याचा परिणाम सर्वांना तिथल्या तिथे दिसावा.

याचा अनुभव आपल्या देशाला आहे. सत्तरच्या दशकात समुद्र कायद्याच्या वाटाघाटी चालू होत्या. खोल समुद्रतळावर खाणकाम करणाऱ्या कंपनीने दर जागेमागे सहा कोटी डॉलर आगाऊ भरावेत, असा प्रस्ताव विकसनशील देशांच्या वतीने भारताने मांडला. अमेरिका म्हणाली, आगाऊ काहीच नको. दोघेही हटेनात. मग एमआयटीने तयार केलेलं, अशा खाणीच्या अर्थकारणाचं संगणकीय मॉडेल पुढे आलं. उत्पन्न सुरू होण्याच्या पाच वर्षं आधी एवढी रक्कम भरावी लागली तर खाण जवळपास अशक्य होते, हे त्यात दिसलं, आणि आपल्या प्रतिनिधीने फेरविचाराची तयारी दाखवली. थोडी आगाऊ रक्कम कंपन्यांना झेपते, हे अमेरिकनांनाही त्याच मॉडेलमुळे कळलं. मॉडेल अमेरिकन विद्यापीठाचं होतं, तरी चाललं, कारण त्याने दोघांनाही थोडं थोडं चुकीचं ठरवलं. पुढे १९८२ च्या करारावर अमेरिकेने सही केलीच नाही, हा भाग वेगळा. राजकारणावर यंत्राकडे औषध नाही.

मी इंदूरचा, पाणीपुरवठ्याच्या कामात हयात गेलेला माणूस. आमच्याकडे नर्मदेचं पाणी जलूदहून पंपांनी डोंगर चढून येतं, आणि विजेचं बिल इतकं भारी की महापालिकेने २०२३ मध्ये सौर प्रकल्पासाठी २४४ कोटींचे हरित रोखे काढले. ते व्याजासकट फेडायचे आहेत. बाहेरून आलेल्या कर्जाला 'मदत' म्हणतात तेव्हा आमच्यासारख्याला ते कसं पटावं?

याच नर्मदेचा तंटा आठवा. १९७४ मध्ये चार राज्यांनी आधी नदीत २ कोटी ८० लाख एकर-फूट पाणी आहे असं मानलं, आणि १९७९ मध्ये लवादाने त्यावर वाटे पाडले. तो आकडा मोजमापापेक्षा तडजोडीचा होता. साहजिकच नदीत खरंच एवढं पाणी आहे का, हा वाद पुढे निघालाच. म्हणून नुसता 'मान्य आकडा' पुरत नाही. तो दर काही वर्षांनी तपासून बदलण्याची सोय करारातच लिहून घ्यावी लागते.

तेव्हा मॉडेलचा कोड खुला हवा, आणि आपल्या आयआयटी-आयआयएस्सीच्या लोकांना तो स्वतः चालवून बघता आला पाहिजे. ऐतिहासिक उत्सर्जन, म्हणजे देशांनी आजवर हवेत सोडलेला कार्बन, १८५० पासून मोजा की १९९० पासून, कर्जाचं अनुदान-मूल्य (स्वस्त व्याजामुळे मिळणारी खरी सवलत) धरा की पूर्ण रक्कम, हे प्रत्येकाला स्वतः बदलून पाहता यावं. एका गोष्टीला मात्र आत्ताच होकार देऊ नये. प्रत्येक देशाने आपली खरी प्राथमिकता गुपचूप यंत्राला सांगायची आणि यंत्राने दोघांना परवडेल असा सौदा शोधायचा, अशीही एक पद्धत आहे. कल्पना देखणी आहे. पण आपण कुठवर मागे हटू शकतो ही माहिती कुणाच्या सर्व्हरवर राहणार, याचं उत्तर मिळेपर्यंत आपले पत्ते आपल्याच हातात बरे.

सुरुवात फक्त पैशाच्या हिशेबापासून व्हावी, आणि तीही मुख्य परिषदेच्या रात्री-बेरात्रीच्या घाईत नको. जूनमध्ये जर्मनीत बॉनला होणाऱ्या हवामान वाटाघाटींच्या तयारीच्या बैठकीत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर यावा म्हणून भारताने समविचारी देशांना बरोबर घेऊन लेखी प्रस्ताव द्यावा, ही विनंती.

आपला,
इंदूरचा एक निवृत्त अभियंता