सेंबेन यांच्यातला कादंबरीकार विसरू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतलं जागतिक सिनेमावरचं लेखन मी आवर्जून वाचतो. सेनेगलचे उस्मान सेंबेन यांचा उल्लेख मराठीत होतो तो बहुतेक वेळा ‘आफ्रिकी सिनेमाचे जनक’ एवढ्याच ओळखीने. ती ओळख खरीच आहे. पण कॅमेरा हातात घेण्याआधी हा माणूस फ्रेंचमध्ये लिहिणारा नावाजलेला कादंबरीकार होता, आणि सिनेमाकडे ते वळले ते आपल्या वाचकांच्या शोधात. हे सांगितल्याशिवाय त्यांचे चित्रपट अर्धेच समजतात, असं माझं ठाम मत आहे.

सेंबेन यांचा जन्म १९२३ चा, दक्षिण सेनेगलमधल्या कासामांस भागातल्या झिगांशोरचा. वडील मासेमार. मुख्याध्यापकांशी झालेल्या भांडणावरून शाळा सुटली ती कायमची. मग राजधानी दाकारमध्ये गवंडीकाम, नळकाम, मेकॅनिकचं काम. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यात भरती. आणि युद्धानंतर फ्रान्समधल्या मार्से बंदराच्या गोदीत हमाली. तिथेच ते कामगार संघटनेत आणि कम्युनिस्ट पक्षात आले. काम करताना पाठीला जबर इजा झाली आणि ओझी उचलणं आवरतं घ्यावं लागलं. वाचनाची भूक मात्र वाढतच गेली. १९५६ साली त्यांची पहिली कादंबरी आली, ‘ल दोकेर न्वार’, म्हणजे काळा गोदी कामगार. तिचा नायक कादंबरी लिहिणारा हमाल आहे, आणि त्याचं हस्तलिखित एक गोरी लेखिका स्वतःच्या नावावर छापते.

त्यांची खरी मोठी कादंबरी १९६० ची, ‘ले बू द ब्वा द द्यो’. मराठीत सांगायचं तर ‘देवाच्या काटक्या’. विषय आहे दाकार-नायजर रेल्वेवरचा संप. ऑक्टोबर १९४७ मध्ये सुरू झालेला हा संप मार्च १९४८ पर्यंत चालला. आफ्रिकी कामगारांना गोऱ्यांच्या बरोबरीने वेतन, कुटुंबभत्ता आणि पेन्शन हवी होती. थिएस, दाकार आणि बामाको या रेल्वेमार्गावरच्या तीन शहरांत कथा चालते, पण सभा आणि भाषणांपेक्षा घराघरांतली उपासमार तिथे जास्त जागा घेते. पाणी तोडलेलं, दुकानदारांची उधारी बंद, नवरे संपावर. दाकारच्या एका घरात मुलांसाठी राखलेले तांदूळ श्रीमंत भावाचा माजलेला मेंढा येऊन खातो. रामातुलाये नावाची घरची कर्ती बाई सुरा घेऊन त्या मेंढ्याला भिडते, त्याला कापते आणि त्याचं मटण वाड्यातल्या सगळ्यांना शिजवून घालायला काढते. पोलीस मेंढा मागायला येतात तेव्हा अंगणातल्या बायका वाळू भरलेल्या बाटल्या घेऊन उभ्या राहतात. पुढे थिएसच्या बायका पायी चालत दाकार गाठतात. संप पुरुषांनी पुकारला खरा, पण तो तडीस नेला बायकांनी, हे सेंबेन इतकं रोखठोक मांडतात की १९७४ च्या मे महिन्यातला आपल्याकडचा रेल्वे संप ज्यांनी रेल्वे कॉलनीत राहून पाहिला, त्यांना यातली पानं आपलीच वाटतील.

आता अडचण अशी की ज्या बायकांवर हे लिहिलं, त्यांच्यातल्या बहुतेकींना फ्रेंच वाचता येत नव्हतं. सेनेगलच्या स्वातंत्र्याच्या सुमारास सेंबेन आफ्रिकेत फिरले आणि हे दुखणं त्यांच्या मनातून जाईना. १९६२ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, ते मॉस्कोला गेले आणि गॉर्की स्टुडिओत दिग्दर्शक मार्क दोन्स्कॉय यांच्या हाताखाली सिनेमा शिकले. सिनेमाला ते रात्रशाळा म्हणत. इथे मला अण्णाभाऊ साठे आठवतात. गिरणीत राबलेले, पक्षात घडलेले, ‘फकिरा’ लिहिणारे अण्णाभाऊ अक्षरओळख नसलेल्या माणसांपर्यंत पोवाडे आणि लोकनाट्यं घेऊन जात होतेच. तेही १९६१ साली रशिया पाहून आले होते. दोघांची भेट झाली नसेल, पण दोघांची तळमळ एकच होती.

मॉस्कोहून परतल्यावर सेंबेन यांनी १९६३ मध्ये केलेला ‘बोरोम सारेत’ हा लघुपट वीसेक मिनिटांचा आहे. दाकारमधला एक घोडागाडीवाला दिवसभर भाडी मारतो. एक बाप मेलेलं तान्हं मूल मांडीवर घेऊन गाडीत बसतो. कबरस्तानाच्या दारात त्याचे कागद चालत नाहीत म्हणून त्याला अडवतात. शेवटी एक सुटाबुटातलं गिऱ्हाईक गाडीवाल्याला शहराच्या उच्चभ्रू भागात नेतं, जिथे घोडागाड्यांना बंदी आहे. पोलीस अडवतो. कागद काढताना गाडीवाल्याचं लष्करी पदक खाली पडतं आणि पोलिसाचा बूट त्यावर येतो. बूट, त्याखालचं पदक आणि ते घ्यायला वाकलेला माणूस, एवढंच पडद्यावर दिसतं. वसाहतीच्या काळात आणि त्यानंतर गरिबाच्या वाट्याला काय आलं, ते त्या एका दृश्यात उतरलंय.

पुढेही त्यांनी स्वतःच्याच कथा-कादंबऱ्या पडद्यावर आणल्या. ‘ला न्वार द...’ (१९६६) मधली दाकारची द्युआना फ्रान्समध्ये मोलकरीण होऊन चार भिंतींत कोंडली जाते. ‘मांदाबी’ (१९६८) मध्ये पॅरिसमध्ये रस्ते झाडणारा पुतण्या काकाला २५,००० फ्रँकची मनिऑर्डर पाठवतो. ती सोडवायला ओळखपत्र हवं, ओळखपत्राला जन्मदाखला हवा, फोटो हवा, आणि तोवर निम्मी वस्ती उसने मागायला दारात. सरकारी कचेरीत दाखल्यांसाठी खेटे घातलेल्या कुठल्याही मराठी माणसाला हा चित्रपट समजावून सांगावा लागणार नाही. आणि यातली माणसं वोलोफमध्ये बोलतात, स्वतःच्या रोजच्या भाषेत.

स्वतंत्र सेनेगलच्या सत्तेशीही त्यांचं जमलं नाही. ‘चेड्डो’वर (१९७७) कवी-राष्ट्राध्यक्ष सेंघोर यांच्या सरकारने बंदी घातली, नावाच्या रोमन स्पेलिंगमधल्या (Ceddo) दोन ‘d’चं कारण पुढे केलं गेलं. थिएर्नो फाती सो यांच्याबरोबर त्यांनी १९८८ मध्ये ‘थियारोयची छावणी’ केला. जर्मनांच्या कैदेतून सुटून आलेल्या आफ्रिकी सैनिकांनी थकलेला पगार मागितला म्हणून १ डिसेंबर १९४४ रोजी फ्रेंच सैन्याने दाकारजवळ त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्याची ही कथा. व्हेनिसला या चित्रपटाचा गौरव झाला, पण फ्रान्समध्ये तो कित्येक वर्षं दाखवला गेला नाही. त्या घटनेला फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी हत्याकांड म्हटलं ते २०२४ मध्ये. तोवर सेंबेन यांना जाऊन सतरा वर्षं झाली होती. शेवटचा चित्रपट ‘मूलादे’ त्यांनी केला तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती, आणि मुलींच्या सुंतेविरुद्ध उभी राहणारी एक खेड्यातली बाई त्याच्या केंद्रस्थानी होती. रामातुलायेचीच ही वारसदार, असं मी मानतो.

तेव्हा माझ्या दोन मागण्या आहेत. पुरवणीत सेंबेन यांच्यावर पुन्हा लेख येईल तेव्हा त्यात ‘देवाच्या काटक्या’ला किमान अर्धी जागा द्यावी. आणि पुण्या-मुंबईत, कोल्हापुरात चित्रपट महोत्सव भरवणाऱ्यांनी ‘बोरोम सारेत’ कामगार वस्त्यांमध्येही दाखवावा, मराठी उपशीर्षकांसह. संवाद मोजकेच आहेत. फ्रेंच जाणणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्यालाही ते काम करता येईल.

आपला,
एक वाचक, सोलापूर