बाबांच्या कानाची मशीनं

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, रागावू नका, दोन्ही मशीनचे पैसे भरलेत. शनिवारी टिळक रोडला जाऊन बसवून घ्यायची. दादालाही पटलंय. लांबून हुकूम सोडते, याचं मलाच वाईट वाटतं.

"मला ऐकू येतं, तुम्हीच पुटपुटता," हे तुमचं अर्धं खरंच आहे. कानातल्या शंखात, म्हणजे आतल्या कानाच्या वेटोळ्या नळीत, केसपेशींच्या (बारीक केसांसारखे तंतू असलेल्या पेशींच्या) चार रांगा असतात. आतली एक, सुमारे ३,५०० पेशींची, ऐकते. बाहेरच्या तीन रांगांतल्या १२,००० पेशी आवाज वाढवतात. प्रेस्टिन नावाच्या प्रथिनामुळे त्या सेकंदाला हजारो वेळा आखूड-लांब होतात आणि आपल्या खालच्या, शंखातल्या पडद्याच्या कंपनाला नेमक्या क्षणी रेटा देतात, पेशवे पार्कात तुम्ही आमच्या झोक्याला द्यायचात तसा. बारीक आवाज त्यामुळे ४० ते ६० डेसिबलने वाढतो. मोठ्या आवाजाला त्या फारसा हात लावत नाहीत. म्हणून त्या गेल्या की आईची हाक पोचत नाही, पण विसर्जनाचा ताशा पूर्वीइतकाच कानठळ्या बसवतो.

शंखाच्या तोंडाशी उंच पट्टीच्या पेशी असतात, त्या आधी जातात. म्हणून 'सात'चं 'हात' ऐकू येतं. वयाबरोबर छापखान्यातल्या आवाजानेही हातभार लावला असणार. तुमचा बाहेरचा, कानाचा पडदा चांगला आहे, मळही नव्हता. पण या पेशी स्वतःही बारीक प्रतिध्वनी काढतात (डेव्हिड केंप या शास्त्रज्ञाने १९७८ मध्ये दाखवलं, परी जन्मली तेव्हा तिच्या कानात नळी घालून तोच तपासला होता), तो तुमच्या कानातून आला नाही. माणसात या पेशी पुन्हा उगवत नाहीत. तेव्हा आई, कोमट तेल बंद. एक थेंबही नको.

मशीन बारीक आवाज जास्त वाढवतं, मोठा कमी. लाल खूण उजवा कान, निळी डावा. बॅटरीचं स्टिकर काढल्यावर दोन मिनिटं थांबून मगच घाला, तिला हवा लागते. अंघोळीआधी काढायचं. रात्री बॅटरीचं दार उघडं ठेवून सिलिका जेलच्या डबीत. पावसाळ्यात तर विसरूच नका. शिट्टी वाजली तर ते नीट बसलेलं नाही किंवा मळ साचलाय. काडी घालू नका.

सुरुवातीला घरातच दोन-तीन तास लावा, लक्ष्मी रोडला नंतर. भांडी, पेपरची पानं कडकडतील. वैतागून खिशात टाकू नका. जास्तच वाटलं तर ऑडिओलॉजिस्ट (कान तपासून मशीन बसवणारे) सेटिंग बदलून देतात. आणि आई, तू स्वयंपाकघरातून ओरडू नकोस, समोर येऊन बोल.

रविवारी फोन करते. तो कानाच्या थोडा मागे, मशीनच्या माइकपाशी धरा.

तुमची,
मनू