नोट्स द्यायच्या की घ्यायच्या?

संपादक महोदय,

मुलं वर्गात ऐकतच नाहीत, हा तुमच्या रविवारच्या अंकातला लेख वाचला, तक्रार खरीच आहे पण सगळं खापर मोबाइलवर फोडलेलं काही पटलं नाही. मी अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते. आपण मुलांना नोट्स 'देतो', घ्यायला शिकवतच नाही. बोलणारा मिनिटाला १२०-१५० शब्द सहज बोलतो, हाताने लिहून होतात जेमतेम २०-२५, मग मुलं शब्दन्‌शब्द पकडायला जातात आणि "मॅम, परत सांगा ना" सुरू, तोवर पुढचं वाक्य गेलेलं असतं.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले वॉल्टर पॉक यांची नोट्स घ्यायची पद्धत अगदी साधी आहे, उजवीकडे मुद्दे, डावीकडच्या अरुंद पट्टीत नंतर काढलेले प्रश्न, तळाला दोन ओळींत सार. मी छोटी ऑडिओ क्लिप दोनदा लावते, पहिल्यांदा पेन खाली, दुसऱ्यांदा फक्त नावं, आकडे आणि 'हाउएव्हर' (म्हणजे 'पण') आलं की उलटा बाण. आता तो शब्द कानावर पडला की मागच्या बाकावरचेही सावध होतात, बोलणारा वळण घेणार हे त्यांना कळतं.

पाठ्यपुस्तक मंडळाने यासाठी वर्षातले चार तास तरी ठेवावेत. गाइडं थोडी कमी खपली तर खपू देत.

– एक शिक्षिका, नाशिक