एसजीपीटी हे विष नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत यकृतावर आलेला लेख वाचला आणि राहवले नाही म्हणून लिहीत आहे. त्यातली दोन वाक्ये मनाला लागली. एक, ‘एसजीपीटी हे विषारी द्रव्य रक्तात साचू लागते.’ दुसरे, ‘विकरे म्हणजे अन्न पचवणारी संप्रेरके.’ मी ३१ वर्षे एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत जीवरसायन विभागात तंत्रज्ञ होते. यकृताच्या तपासणीसाठी रक्तात मोजतात ती हीच एसजीपीटी रोज मोजली. अहवाल हातात घेऊन खिडकीशी उभ्या असलेल्या माणसांचे चेहरेही रोज पाहिले. ‘विष’ हा शब्द त्या चेहऱ्यांवर काय करतो, ते मला ठाऊक आहे.

आधी शब्दांचे बोलते. संप्रेरक म्हणजे हार्मोन. इन्सुलिन हे संप्रेरक. ते रक्तातून निरोप नेते, आणि पुढचे काम पेशी करतात. विकर म्हणजे एन्झाइम. ते मात्र काम स्वतः करते, एका पदार्थाचा दुसरा पदार्थ घडवते आणि झिजून न जाता पुढच्या रेणूकडे वळते. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरले की पुढचे सगळेच वाक्य चुकते.

एसजीपीटी हे विकर आहे आणि त्याची जागा यकृताच्या पेशीच्या आत आहे. अलॅनाइन नावाच्या अमिनो आम्लाचा अमिनो गट उचलायचा आणि कीटोग्लुटारेट नावाच्या दुसऱ्या रेणूला द्यायचा, एवढेच त्याचे काम. तुमच्या-माझ्या यकृतात ते आत्ता, या क्षणी चालू आहे. पेशीला इजा झाली की हे विकर बाहेर झिरपते आणि रक्तात सापडते. भिंत फुटली म्हणून पाणी अंगणात आले, तर दोष पाण्याचा कसा? ‘एसजीपीटी कमी करायचे औषध द्या’ असे कितीतरी जण आमच्याकडे येऊन म्हणत. बघायचे असते ते पेशी का फुटते आहे. उलट आकडा नॉर्मल म्हणजे यकृत धडधाकट, असेही नाही. सिरोसिस, म्हणजे यकृत व्रणांनी निबर होण्याचा आजार, फार पुढे गेला की झिरपायला पेशीच कमी उरतात, आणि आकडा शांत दिसू शकतो.

हा आकडा येतो कसा, हे कुणी सांगत नाही. आम्ही या विकराचे वजन करत नाही, त्याचा वेग मोजतो. सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारा पिवळसर द्रव, घ्यायचा, त्यात अलॅनाइन आणि कीटोग्लुटारेट घालायचे, तापमान ३७ अंशांवर धरायचे. विकर कामाला लागते आणि पायरुव्हेट तयार होते. ते थेट मोजणे सोपे नसते, म्हणून त्याच मिश्रणात दुसरे विकर ठेवलेले असते : लॅक्टेट डिहायड्रोजनेज. ते पायरुव्हेटचे लॅक्टेट करते आणि करताना मिश्रणातला एनएडीएच नावाचा रेणू वापरून टाकते. एनएडीएच ३४० नॅनोमीटरचा प्रकाश शोषते. ते संपत गेले की शोषण उतरत जाते. सुरुवातीच्या काळात मी स्टॉपवॉच घेऊन दर मिनिटाचा आकडा वहीत लिहीत असे. उतार जितका तीव्र, तितके विकर जास्त. अहवालावरचे ‘युनिट प्रति लिटर’ ते हेच. मिनिटाला एक मायक्रोमोल पदार्थ बदलून देणारे विकर म्हणजे एक युनिट. एक विकर मोजायला दुसरे विकर कामाला लावायचे, याचे मला शेवटच्या दिवसापर्यंत अप्रूप वाटत राहिले.

गट एका रेणूवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या अशा विकरांना ट्रान्सफरेज म्हणतात. विकरांचे असे सात वर्ग आहेत. आम्ही शिकलो तेव्हा सहाच होते. सातवा, पडद्याच्या एका बाजूचे आयन किंवा रेणू दुसऱ्या बाजूला नेणाऱ्या ट्रान्सलोकेजचा, २०१८ मध्ये जोडला गेला. पेशीतून तीन सोडियम बाहेर काढून दोन पोटॅशियम आत घेणारा पंप आता त्यात मोडतो. पचनाची विकरे, म्हणजे अमायलेज, लायपेज, पेप्सिन, ही सगळी हायड्रोलेज या एकाच वर्गातली, पाण्याच्या साहाय्याने रेणू तोडणारी. आणि त्या वर्गातही पचनापलीकडची विकरे आहेतच. अश्रूंमधले लायसोझाइम जिवाणूंची भिंत फोडते. १९२२ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी ते जगापुढे आणले, पेनिसिलिनच्या आधी. मग ‘अन्न पचवणारी’ एवढ्यावर कसे थांबता येईल? लायगेज तुटलेल्या डीएनएची टोके सांधते. आयसोमरेज रेणूतली मांडणी बदलते. तांबड्या पेशीतले कार्बोनिक अनहायड्रेज हे लायेज वर्गातले विकर. त्याचा एक रेणू सेकंदाला सुमारे दहा लाख कार्बन डायऑक्साइड रेणू हाताळू शकतो. ऊतींत तयार झालेला हा वायू रक्तातून फुप्फुसापर्यंत पोचतो, तो बराचसा त्याच्या जोरावर. आणि जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतल्यावर जो फेस उसळतो, ते कॅटलेजचे काम. हे ऑक्सिडोरिडक्टेज वर्गातले विकर पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन करते. तो फेस म्हणजे सुटणारा ऑक्सिजन.

एक चूक माझ्या हातूनही झाली होती, ती सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी घाईत मी सिरिंजमधले रक्त सुईतूनच जोराने नळीत सोडले. तांबड्या पेशी फुटल्या, सीरम लालसर आला. तो तसाच चालवला आणि लॅक्टेट डिहायड्रोजनेजचा आकडा कितीतरी पट आला. हे विकर तांबड्या पेशीत ठासून भरलेले असते, आणि ते मीच बाहेर सांडले होते. नातेवाइकांनी ती रात्र काळजीत काढली. सकाळी वरिष्ठांनी नळी उजेडात धरली, रंग पाहिला आणि नवा नमुना घ्यायला लावला. तो नॉर्मल आला. त्या कुटुंबाची माफी मी समक्ष मागितली होती.

आणखी एक प्रसंग. बारा वर्षांच्या मुलाचा अल्कलाइन फॉस्फटेजचा आकडा पाहून वडील हादरून आले होते. अहवालावर शेजारी मर्यादा छापली होती ती प्रौढांची. वाढत्या मुलाच्या हाडांत हे विकर भरपूर तयार होते, त्या वयात आकडा जास्तच असतो. हे ऐकल्यावर ते खुर्चीत बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. ‘विकर म्हणजे विष’ असे आधीच वाचून आलेल्या माणसाला हे समजावायला किती वेळ लागला असता?

माझी विनंती एवढीच : पुढच्या पुरवणीत, त्याच पानावर खुलासा छापावा. एसजीपीटी हे यकृतपेशीतले विकर आहे, विष नाही. विकर आणि संप्रेरक वेगळे. आणि अहवालातला आकडा वय, इतर चाचण्या आणि डॉक्टरांची तपासणी यांच्यासह वाचायचा असतो. खुलाशाचा मजकूर तपासून हवा असल्यास मी आनंदाने तपासून देईन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ