जपानला एकटी निघालीस म्हणून

प्रिय माधवी,

तिकीट काढलंस, बरं झालं. "जपान एकदम सेफ आहे गं," असं दहाजणांनी तुला ऐकवलं असेल. खोटं नाही ते. पण तेवढ्यावर विसंबून माणूस भलत्या ठिकाणी सैल पडतो, म्हणून हे लिहितेय.

आधी लोकल. सकाळच्या गर्दीत अंगचटीला येणारे तिथेही असतात, त्यांना 'चिकान' म्हणतात. फलाटावर गुलाबी खूण असते, तिथे बायकांचा डबा थांबतो. मात्र तो आपल्या लेडीज डब्यासारखा कायमचा नाही. टोकियोत बहुतेक मार्गांवर फक्त कामाच्या दिवशी सकाळी असतो. ओसाकाच्या मिदोसुजी मार्गावर कामाच्या दिवशी दिवसभर. टोकियो पोलिसांचं 'डिजी पोलीस' ॲप इथूनच घालून ने. कुणी हात लावलाच तर त्यातलं बटण दाब, स्क्रीनवर जपानीत मदतीची ओळ येते. ती शेजारच्याला दाखव. पुन्हा दाबलंस की फोनच ओरडायला लागतो. तिथली माणसं भिडस्त, आपणहून मध्ये पडत नाहीत; पण स्पष्ट मागितलीस तर मदत करतात.

शेवटची गाडी बाराच्या आसपास सुटते, मग पहाटे पाचपर्यंत काही नाही. रात्री 10 ते 5 टॅक्सीला 20 टक्के जास्त पडतात. टॅक्सीचं मागचं दार ड्रायव्हर आतून उघडतो आणि लावतोही, तू ओढू नकोस. टोकियोतल्या शिंजुकूच्या काबुकिचोत, म्हणजे बारच्या वस्तीत, रस्त्यावर उभं राहून "या, या" करणाऱ्यांशी थांबून बोलायचं नाही, हसायचंही नाही. त्यांच्या मागून बारमध्ये गेलीस की बिल पाहून डोळे पांढरे होतील.

आता औषधं. इथे माणसं खरी फसतात. स्युडोएफेड्रिन 10 टक्क्यांहून जास्त असलेली गोळी जपानमध्ये नेताच येत नाही, डॉक्टरची चिठ्ठी असली तरी. आपल्या सर्दीच्या काही गोळ्यांत ते असतं, तेव्हा पट्टीमागची बारीक अक्षरं वाच. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध घरीच ठेव. चिठ्ठीवरची नेहमीची औषधं एक महिन्यापुरती चालतात. जास्त न्यायची तर निघण्याआधी 'युन्यु काकुनिन्शो' हा परवाना काढावा लागतो. झोपेच्या नि मानसिक आजारांच्या गोळ्यांचे नियम वेगळे आहेत, ते आधी तपासून घे. पट्टी फोडून डबीत भरू नकोस.

तुझं शाकाहारीपण तिथे रोज परीक्षा देईल. "मांस नको" म्हटलंस की मासा घातलेलं ताट समोर येतं, कारण 'निकु' या शब्दात मासा येत नाही. नुसत्या भाजीच्या सूपमध्येही सुकवलेल्या बोनितो माशाची 'दाशी', म्हणजे अर्काचं पाणी, असते, दिसत नाही नि वासही फारसा येत नाही. हे वाक्य जपानी लिपीत फोनवर ठेव: "निकु मो, साकाना मो, दाशी मो ताबेरारेमासेन." म्हणजे मांस, मासा, दाशी, काहीच खाता येत नाही.

निघण्याआधी मेंदी काढू नकोस. गरम पाण्याच्या कुंडांवर, म्हणजे ओन्सेनमध्ये, टॅटू बऱ्याच ठिकाणी चालत नाही आणि मेंदी तशीच दिसते. तिथे अंगावर काही न ठेवता उतरायचं असतं; आधी स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ धुवायचं, छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. मग युकाता, म्हणजे तिथला सुती झगा, नेसताना डावा पदर उजव्यावर. उलटं झालं तर कुणीतरी आजी धावत येऊन नीट करील, कारण उजवा वर फक्त मृताला नेसवतात.

एक रात्र कोयासानला, म्हणजे बौद्ध देवळांच्या डोंगरावर, जरूर काढ. ओसाकाच्या नांबाहून नानकाई रेल्वेने गोकुराकुबाशी, तिथून केबल कार. देवळातल्या मुक्कामाला 'शुकुबो' म्हणतात, जेवण 'शोजिन र्‍योरी'. यात माशाची दाशीसुद्धा नसते, तुझं पोट तिथे खरं भरेल. पाचच्या आत पोच, जेवण लवकर वाढतात. काही खोल्यांच्या सरकत्या दारांना कुलूप नसतं, बुकिंग करतानाच विचार. कोयासान विद्यापीठात 2015 मध्ये बसवलेला बाबासाहेबांचा पुतळाही पाहून ये.

पासपोर्ट सतत जवळ हवा, तो कायदाच आहे. पोलीस 110, ॲम्ब्युलन्स 119. काही हरवलं, रस्ता चुकला तर जवळची पोलीस चौकी, म्हणजे 'कोबान', शोध.

पोचलीस की मेसेज टाक. तिथे आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे वाजलेले असतात, तेव्हा तू झोपायला निघालीस तरी मी जागीच असेन.

तुझी,
वृंदा