थोरल्या आईचं सूप

मंगळवार पेठ, कोल्हापूर
18 जानेवारी

प्रिय दिगू,

तुझं पत्र येऊन पंधरवडा झाला. उत्तराला उशीर झाला त्याला कारण बबून. हसू नकोस लेका. पोरगी एम.एस्सी.ला प्राणीशास्त्र करते, तिच्या सेमिनारची तालीम आमच्या माडीवर चालली होती आणि ऐकायला मी एकटा. आफ्रिकेतलं माकड, कुत्र्यासारखं लांब तोंड, राधानगरीच्या वानरांपेक्षा जमिनीवर जास्त वावरणारं. म्हटलं, दहा मिनिटं मान डोलवू आणि सुटू.

पण ऐक. त्यांच्यात पोरी माहेर सोडतच नाहीत. आजी, आई, मावश्या जन्मभर एका कळपात. पोरगा वयात आला की त्यानंच घर सोडायचं आणि परक्या कळपात मार खात जागा करायची. बायकांचा मान आईवरून ठरतो, आणि बहिणी-बहिणींत बहुधा धाकटीच थोरलीच्या वर जाते. आमच्या घरात हे बोलायची सोय नाही. इथिओपियाकडचे हमाद्रियास बबून मात्र वेगळे. तिथं एकेक नर आपल्या माद्या घेऊन फिरतो आणि मागं रेंगाळणारीच्या मानेला चावतो. ते ऐकताना बायको माझ्याकडंच बघत होती. मी काय केलं?

सवड मिळाली की ह्या बायका एकमेकींच्या केसांतून किडे वेचत बसतात. केनियात अंबोसेलीला 1971 पासून बबूनांवर नजर ठेवलीय. ज्या मादीची अशी ऊठबस जास्त, तिची पिल्लं वर्षाची होईपर्यंत जगण्याची शक्यता जास्त, असं तिथं दिसलं.

मग तिनं सिल्व्हिया सांगितली. बोट्सवानातल्या मोरेमीच्या कळपातली, मोठ्या मानाची, खालच्यांना जवळ फिरकू न देणारी. बसणं-उठणं काय ते लेकीशी, सिएराशी. त्या सिएराला सिंहानं मारलं. पुढं ही बाई ज्यांना कधी विचारत नव्हती त्यांच्या शेजारी जाऊन बसायला लागली. अ‍ॅन एंग आणि सहकाऱ्यांनी ह्या माद्यांची विष्ठा गोळा करून ताणाचं संप्रेरक मोजलं. जिचं जवळचं माणूस (माणूसच म्हटलं बघ मी) गेलं, तिचं ते महिनाभर चढलेलं. आणि त्याच सुमारास ती नेहमीपेक्षा जास्त जणींचे केस वेचत असते. 2006 साली छापून आलंय हे.

पोरगी पुढं बोलतच होती. माझं लक्ष खाली जिन्याकडं गेलेलं.

थोरली आई तुला ठाऊक आहे. भाडेकरणीला तिनं कधी सोप्याच्या आत घेतलं नाही, चहा द्यायचा तो उंबऱ्याबाहेर. आक्का तेवढी रोज दुपारी यायची, दोघी दार ओढून बसायच्या, तिसरं कुणी लागायचं नाही. आक्काच्या बाराव्याला तू होतासच. त्यानंतर दिवाळीपर्यंत ही भिंतीकडं तोंड करून पडून. आणि एक दिवस बघतो तर तांदळाचं सूप घेऊन खाली, त्याच भाडेकरणीच्या पायरीवर!

मला वाटलं, डोकं फिरलं म्हातारीचं. डॉक्टरचा नंबर लावला. एकदा तर चार लोकांदेखत दंडाला धरून वर आणली. झटापटीत सूप कलंडलं, तांदूळ जिनाभर. ती काही बोलली नाही. पायरी पायरी उतरत दाणे वेचत गेली, एका हातात पदराची झोळी धरून. भाडेकरीण खालून वेचत वर आली. मध्यावर दोघी भेटल्या आणि तिथंच टेकल्या. मी वर उभा, दंड धरलेला हात कुठं ठेवावा कळेना.

हे तुला तेव्हा कळवलं नव्हतं. लाज वाटली.

डॉक्टरकडं काही नेलं नाही. काल मंडईतून पाच किलो वाटाणा आणला. "एवढा सोलायचा कुणी?" म्हणून बायको ओरडली. मी पिशवी घरात नेलीच नाही, जिन्यातच ठेवली. थोड्या वेळानं खालून चौघींचा आवाज यायला लागला. संध्याकाळी थोरली आई पातेलं घेऊन वर आली आणि म्हणाली, "खालच्या शेंगा किडक्या हाईत. फसिवलं तुला."

तुझा,
बाळू